माळव्याच्या काळ्या मातीचा शिष्य : सर अल्बर्ट हॉवर्ड

उज्जैनच्या रेल्वेस्थानकातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर देवास गेटचे बसस्थानक लागते. महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या गोमंतकीय यात्रेकरूंपैकी अनेकांनी तेथून इंदूरची बस धरली असेल. अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर. शहराची वस्ती मागे पडली की दोन्ही बाजूंना माळव्याची काळी जमीन सुरू होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन पाय रुतवून ठेवते. आज या रानांत सोयाबीनचे राज्य आहे. शंभर वर्षांपूर्वी कापूस, ज्वारी, तूर आणि गहू ही येथली पिके होती. त्या काळी उज्जैन शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे आणि मधले देवास पवारांच्या दोन पात्यांचे होते. तिन्ही ठिकाणी दरबारात मराठी बोलली जाई. याच मुलखात एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने सात वर्षे राहून उकिरड्याचे शास्त्र रचले. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ते पुढे केनियातील कॉफीच्या मळ्यांपासून मध्य अमेरिकेपर्यंत पोहोचले. त्याचे नाव अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या लहानशा गावाजवळ झाला. घराणे शेतकऱ्याचे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले. उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास हे तेथील काम. प्रयोगशाळेत बसून रोगांची नावे ठरवायची आणि बेटोबेटीच्या मळेवाल्यांना उपाय सांगायचे. मात्र तो उपाय स्वतः करून पाहावा एवढी जमीन काही त्यांच्या हाती नव्हती. शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट बोचली. सल्ला देणाऱ्याने तो आधी स्वतःच्या शेतात, स्वतःच्या खर्चाने करून पाहिला पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह तेथूनच सुरू झाला.

इंग्लंडला परतून दोन वर्षे त्यांनी वाय येथील कृषी महाविद्यालयात हॉप या वेलीवर काम केले. बागाईतदार नर वेली उपटून टाकत. परागीभवन होऊ दिले तर फळ लवकर धरते आणि वेलही कीड-रोगाला पुरून उरते, असे हॉवर्ड यांना आढळले. निसर्गाची एखादी व्यवस्था माणसाने मोडली की रोग तेथून आत शिरतो, ही त्यांची पुढील विचारसरणी येथे बीजरूपाने दिसते.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारने कृषी संशोधन संस्था उभारली होती. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाच्या देणगीतून तिची इमारत झाली होती. तेथे ‘इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ या पदावर हॉवर्ड यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि प्रकाशसंश्लेषणावरील त्यांचे संशोधन लग्नापूर्वीच मान्यता पावले होते. पुढची पंचवीस वर्षे या दांपत्याने एकत्र काम केले आणि असंख्य निबंधांवर दोघांची नावे जोडीने आली. सर अल्बर्टच्या कीर्तीत त्यांचा वाटा अर्ध्याहून कमी नाही, हे त्यांच्या चरित्रकारांनी पुरेशा ठसठशीतपणे सांगितलेले नाही.

पुसात हॉवर्ड यांना ७५ एकर जमीन मिळाली आणि बार्बाडोसची खंत संपली. सरकारी काम गव्हाच्या जाती सुधारण्याचे होते. ते या दांपत्याने उत्तम केले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे गहू उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरले. पण हॉवर्ड यांचे लक्ष हळूहळू दुसरीकडे वळले. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची पिके, रासायनिक खत आणि कीटकनाशक यांचा वाराही न लागता, बऱ्यापैकी निरोगी असतात हे त्यांना दिसले. साहेबाने शेतकऱ्याला शिकवावे हा त्या काळचा रिवाज होता. हॉवर्ड यांनी तो उलटा केला. गावचा शेतकरी आणि पिकावरची कीड या दोघांना त्यांनी गुरू मानले. कीड ज्या रोपाला धरते ते रोप चुकीच्या पद्धतीने वाढवलेले असते, असे समजून ते चूक शोधू लागले.

बैलांची गोष्ट याच काळातली. खूप प्रयत्नांनंतर त्यांनी आपल्या शेतासाठी सहा बैलजोड्या स्वतंत्र मिळवल्या आणि त्यांचा चारा, गोठा, कामाची वेळ सारे आपल्या देखरेखीखाली ठेवले. शेजारच्या शेतावर लाळखुरकत आले तेव्हा ही जनावरे रोगी जनावरांच्या तोंडाला तोंड लावत असतानाही आजारी पडली नाहीत, असे त्यांनी नोंदवले. कसदार जमिनीतल्या चाऱ्याने जनावरात रोगप्रतिकारशक्ती येते, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. येथे थोडे थांबायला हवे. बारा बैलांच्या निरीक्षणावर एवढा मोठा सिद्धांत उभा करणे आजच्या शास्त्राला मान्य होणार नाही. लाळखुरकत हा विषाणूचा रोग आहे आणि त्याला लसच लागते. हॉवर्ड यांचा स्वभावच असा होता की एखादी खूण पटली की ते तिच्यामागे शेवटपर्यंत जात. त्यांचे मोठेपण आणि त्यांच्या चुका दोन्ही त्याच स्वभावातून आल्या.

पुसात त्यांना सर्वाधिक जाच झाला तो खात्यांच्या भिंतींचा. वनस्पतिशास्त्र एका खात्यात, माती दुसऱ्यात, बुरशी तिसऱ्यात, कीटक चौथ्यात. रोप मात्र एकच असते आणि त्याला या सगळ्यांशी एकाच वेळी गाठ घालावी लागते. खतावर किंवा मातीवर प्रयोग करायचा म्हटले की दुसऱ्या खात्याच्या हद्दीत पाऊल पडे. म्हणून या दांपत्याने अशी संस्था मनात धरली जिथे पीक हा एकच विषय असेल आणि बाकीची शास्त्रे त्याच्या सेवेला राहतील. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला कापसाच्या संशोधनासाठी जागा हवी होती, तिने पैसा दिला. मध्य भारतातील काही संस्थानांनी वर्गणी दिली. इंदूर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. अशा रीतीने १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. कमिटीची अपेक्षा कापसाचे नवे वाण मिळण्याची होती. हॉवर्ड यांनी मात्र सांगितले की वाण कितीही चांगले असले तरी जमीन भुकेली असेल तर पीक येणार नाही.

माळव्याच्या जमिनीचे दुखणे दुहेरी होते. पावसाळ्यात पाणी तुंबून मातीतली हवा कोंडली जाई आणि कापसाची मुळे गुदमरत. शिवाय उतारावरून वाहणारे पाणी वरची सुपीक माती ओढ्यानाल्यांत नेई. म्हणून प्रथम शेताची आखणी उताराच्या अंगाने करणे, पाण्याला चर काढून सावकाश वाट देणे आणि बांधावर गवत राखणे ही कामे झाली. दुसरे दुखणे सेंद्रिय द्रव्याचे. माळव्यातल्या लहान शेतकऱ्याकडे शेण नव्हते असे नाही. पण सरपण मिळत नसल्याने त्यातले बरेचसे गोवऱ्या होऊन चुलीत जाई. पऱ्हाटी, तुराट्या, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, तण, झडलेला पाला हे सारे भरपूर होते, परंतु ते जाळले जाई किंवा वाऱ्यावर जाई. हाती असलेल्या थोड्या शेणात या काडीकचऱ्याचे खत कसे करावे, हा प्रश्न होता. विकतचे खत ज्याला परवडत नाही अशा माणसाचा तो प्रश्न होता, आणि आजही तो जुना झालेला नाही.

काडीकचरा तसाच जमिनीत गाडला तर का चालत नाही, हे कोडे प्रयोगशाळेत सुटले. वाळलेल्या काडीत कर्ब फार आणि नत्र थोडे. ती कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात आणि तेवढ्या काळापुरते पीक उपाशी राहते. तेव्हा ही कुजण्याची क्रिया शेताबाहेर उरकून घ्यावी आणि तयार झालेला ह्यूमस शेतात न्यावा, हे इंदूर पद्धतीचे मर्म. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असावे आणि खत तयार होताना ते १० ला १ वर यावे, असा हिशेब बसवण्यात आला.

हा हिशेब बसवण्यात संस्थेचे रसायनशास्त्रातील प्रमुख साहाय्यक यशवंत वाड यांचा मोठा हात होता. पृथक्करणाशिवाय ही पद्धत म्हणजे अंदाजपंचे झाली असती. चिनी शेतकऱ्यांची खते करण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकातून हॉवर्ड यांना ठाऊक होती. तिला माळव्याच्या हवामानात, माळव्याच्या कचऱ्यावर आकड्यांत बसवणे हे इंदूरचे काम. १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस कसा करावा यावर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने जे पुस्तक काढले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत.

पद्धत सांगायला साधी आहे. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोठ्यातले ओले अंथरूण आणि शेण, मग मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख. असे थर द्यायचे आणि पाणी शिंपडायचे. मूत वाया जाऊ नये म्हणून गोठ्याची जमीन फरसबंद न करता मातीची ठेवायची आणि तीन-तीन महिन्यांनी ती माती खणून खतासाठी काढायची. कापसाच्या टणक पऱ्हाट्या तशाच कुजत नाहीत. त्यासाठी हॉवर्ड यांनी यंत्र आणले नाही. पऱ्हाट्या संस्थेतल्या रस्त्यांवर पसरून ठेवल्या आणि ये-जा करणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होऊ दिला. ढीग पेटला की आतली उष्णता ६५ अंशांपर्यंत चढते. तणांचे बी आणि रोगजंतू त्यात मरतात. दोन आठवड्यांच्या सुमाराला पहिली पालटणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, आणि तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून त्या काळात ढीग जमिनीवरच लावायचे.

एक बाब मात्र हॉवर्ड यांच्या चाहत्यांनी नेहमी हळू आवाजात सांगितली. या पद्धतीला मेहनत फार लागते. खड्डा खणणे, थर लावणे, पाणी घालणे, तीनदा पालटणे, गाडीत भरून शेतात पसरणे. संस्थेत मजूर होते आणि हॉवर्ड त्यांना चांगले वागवीत. मजुरी वेळच्या वेळी, दिवसाचे काम सहा तास, राहायला बरी घरे, औषधपाणी. त्या काळच्या मानाने ही मोठीच गोष्ट. परंतु ज्या लहान शेतकऱ्यासाठी ही रीत शोधली, त्याच्या घरात कामाची माणसे मोजकी. उन्हाळ्यात विहीर आटली की ढिगाला पाणी कोठून आणायचे, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. रासायनिक खताचे पोते पुढे इतक्या झपाट्याने का खपले, याचे एक कारण येथे आहे. ते पोते एक माणूस एका दिवसात एका शेतात टाकू शकतो.

१९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल यांचे जिनिव्हात निधन झाले. हॉवर्ड यांचे हिंदुस्थानातले दिवस त्यानंतर फार उरले नाहीत. १९३१ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी विवाहबद्ध झाले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. इंदूरचे काम त्यांच्या पश्चातही चालू राहिले. नवे संचालक जॅक्सन आणि वाड यांनी हीच रीत शहरातील मैला आणि केरकचरा यांना लावून पाहिली. २०१७ पासून देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सलग मान मिळवणाऱ्या इंदूरला आपल्या कचऱ्याचा हा जुना इतिहास फारसा आठवत नाही. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला आले होते. त्याच वर्षी ‘हरिजन’मधून त्यांनी इंदूर पद्धतीची माहिती खेड्यातल्या कार्यकर्त्यांसाठी दिली. पुढे १९३९ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. एन. आचार्य यांनी पालटणीचे कष्ट वाचवणारी निराळी पद्धत बसवली. म्हणजे मेहनतीची अडचण जाणत्यांना तेव्हाच कळली होती.

परदेशात ही रीत सर्वांत आधी उचलली ती कॉफीने. १९३३ च्या सुमाराला केनियात नैरोबीजवळच्या एका मळ्यावर खड्डे खणले गेले आणि पाहता पाहता इतर मळे त्या वाटेने गेले. कॉफीला ही पद्धत मानवण्याचे कारण उघड आहे. कॉफी हे मुळात जंगलाच्या सावलीतले झाड; सडलेल्या पाल्याच्या थरात त्याच्या बारीक मुळ्या वरच्यावर पसरतात. मळे करताना जंगल तोडले, जमीन उघडी पडली, उतारावरची माती पावसाने धुतली आणि दहा-वीस वर्षांत झाडे दमली. बोंडांची साल आणि गर नदीत जाई आणि नदीही नासे. तीच साल, छाटलेल्या फांद्या, सावलीच्या झाडांचा पाला, गवत आणि शेण यांचे ढीग लागू लागले तेव्हा मळेवाल्यांना झाडांत फरक दिसला. कोस्टा रिकातील कॉफी संस्थेने हॉवर्ड यांच्या लेखाचे स्पॅनिश रूपांतर प्रसिद्ध केले आणि ते लॅटिन अमेरिकेत वाटले गेले. १९३७-३८ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थान आणि सिलोनच्या चहामळ्यांवर फिरले आणि मुळांशी एकरूप होऊन राहणारी मायकोरायझा ही बुरशी हेच कसदार मातीचे गुपित, असा त्यांचा समज तेथे दृढ झाला.

यात एक विसंगती आहे आणि हॉवर्ड यांनी तिच्याकडे पाहिले नाही. माळव्याच्या लहान शेतकऱ्यापासून शिकलेली आणि त्याच्यासाठी बेतलेली ही रीत केनियात गोऱ्या मळेवाल्यांच्या हाती पडली. त्या काळी तेथल्या आफ्रिकी शेतकऱ्याला कॉफी लावायलाच सरकारी मनाई होती. ती सैल व्हायला १९३० च्या दशकाचा मध्य उजाडला आणि खऱ्या अर्थाने कॉफी त्याच्या शेतात आली ती १९५४ नंतर. आज केनियात लाखो छोटे कॉफी उत्पादक आहेत आणि त्यांच्यापुढचा प्रश्न माळव्यातलाच आहे. खत आयातीचे, भाव परक्या बाजाराच्या हाती, शेण अपुरे आणि घरात माणसे थोडी. आपल्या शेजारच्या चिकमगळूर-कोडगूच्या घाटांतही कॉफीचे बहुतेक धारक लहान आहेत. सावलीची झाडे राखून त्यांचा पाला झाडांच्या बुंध्याशी घालण्याची त्यांची चाल गोव्याच्या कुळागरातील सुपारीच्या आळ्यांशी नाते सांगते. हॉवर्ड यांनी कुळागर पाहिले असते तर ते तेथून लवकर हलले नसते, असे वाटते.

उतारवयात हॉवर्ड शास्त्रज्ञाहून प्रचारक अधिक झाले. १९४० मध्ये त्यांचे ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाले. १८४० साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या पोषणाचा खनिजांवर आधारलेला विचार मांडला होता. त्यातून नत्र, स्फुरद आणि पालाश एवढ्यातच सारी शेती मोजण्याची सवय जडली, असा हॉवर्ड यांचा आरोप होता. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी उभे राहिलेले नत्राचे कारखाने युद्ध संपताच खताचे गिऱ्हाईक शोधू लागले, हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, त्याचे हॉवर्ड सहसंपादक होते. इंग्लंडमधील लेडी ईव्ह बाल्फोर यांच्या १९४३ च्या पुस्तकामागेही त्यांची प्रेरणा होती. सरकारी कृषी शास्त्रज्ञांशी त्यांचे वाद होत आणि त्या वादांत ते मवाळ नसत.

खतांच्या पोत्यावर त्यांनी सरसकट फुली मारली, ती मात्र पटत नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि नंतरची दोन दशके पाहिलेल्या देशाला १९६० च्या दशकात नवे बियाणे आणि रासायनिक खत यांनी धान्य दिले. नुसत्या कंपोस्टावर तेवढ्या तोंडांना तेवढ्या वेळात घास मिळाला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. दुसऱ्या बाजूने, पंजाबपासून माळव्यापर्यंतच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब घसरला आणि त्याच पिकासाठी अधिकाधिक खत ओतावे लागू लागले, तेव्हा कृषी विद्यापीठांनी दोन्ही खतांचा मेळ घालण्याची शिफारस सुरू केली. हॉवर्ड यांना ती तडजोड रुचली नसती.

स्वातंत्र्यानंतर इंदूरच्या संस्थेच्या जागी कृषी महाविद्यालय आले आणि आजही तेथे शेतीचे वर्ग भरतात. हॉवर्ड यांनी स्वतंत्र हिंदुस्थानाचे पहिले दोन महिनेच पाहिले. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे त्यांचे निधन झाले. लुईस यांनी त्यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर १९५३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत इंदूरचे नाव आजही त्या खड्ड्यांमुळे येते. त्याच्याबरोबर यशवंत वाड हे नाव मात्र क्वचितच भेटते.